साडू पंगतीला बसतात

अख्ख्या मध्यप्रांत-वऱ्हाडात माझ्या थोरल्या साडूंइतका शूर जेवणारा माणूस झाला नाही. शूर म्हणजे खूप खाणारा नव्हे. पैज लावून बुंदीची परात रिकामी करणारे मी पुष्कळ पाहिले. ते खादाड, शूर नव्हेत. आमचे साडू लग्नाच्या जेवणाला निघत ते लढाईवर निघाल्यासारखे. आधी घरी अर्धी भाकर खात, देवाला नमस्कार करत, बायकोला पुन्हा पुन्हा "येतो" म्हणत, आणि मग टोपी नीट करून चालू लागत. कारण साऱ्या जगाला गोड लागणारा शेंगदाणा त्यांचा वैरी होता. आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगेला फल्ली म्हणतात. त्या फल्लीचा दाणा, कूट, तेल, काहीही चुकून पोटात गेलं की त्यांचे ओठ सुजत, अंगभर पित्ताचे चट्टे उठत आणि घसा आवळत जाई. आता डॉक्टर लोक याला अ‍ॅलर्जी म्हणतात. त्या काळी नाव नव्हतं. वैद्य म्हणाला पित्त, भगत म्हणाला करणी, आणि ते स्वतः एवढंच म्हणत, "मले सोसत नाई." नाव नसलेल्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नव्हता, आणि त्याला सबळ कारण होतं.

आमची दोघांची लग्नं मोताळ्याला एकाच मांडवात लागली. सासऱ्यांनी दोन मुली एका खर्चात उजवल्या. थोरली त्यांना, धाकटी मला. ते धामणगाव बढ्याच्या मराठी शाळेत मास्तर. मी मलकापूरच्या बाजारात पोती उचलता उचलता दलाल झालेला माणूस. मला कोणी काही फुकट दिलं नव्हतं, आणि मी कोणाला सोडत नव्हतो. पहिल्या दिवाळसणाला आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो. जावयानं रुसायचं आणि सासऱ्यानं काही देऊन रुसवा काढायचा, ही रीत. मी तयारीनं गेलो होतो. पान वाढून होताच हात मागे घेतला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "मामाजी, मले सायकल पायजे. त्याबिगर घास घेनार नाई."

"पाहू, पाहू. आधी जेवा तं," सासरे म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारच्या पानाकडे गेलं. मास्तरांचाही हात मागेच! त्यांच्या पानात भरलं वांगं पडलं होतं, त्याच्या पोटातून कूट डोकावत होतं, आणि मास्तर त्याच्याकडे असे पाहत होते की आता त्यातून फणा निघेल. पहिल्या सणाला सासूनं मांडलेल्या पानाला नाव कसं ठेवावं, म्हणून बिचारे बोलेनात.

"काऊन मास्तर? तुमाले काय पायजे?"

"काई नको, मामाजी."

"घड्याळ देतो."

"नको."

"आंगठी करू?"

"नको जी. खरंच काई नको."

आता, रुसलेला जावई नेमकं हेच म्हणतो. जेवढा ठाम नकार तेवढी मोठी मागणी पोटात, हे कोणत्याही सासऱ्याला ठाऊक असतं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सासऱ्यांनी मांडी थोपटून आवाज दिला, "मास्तरले सायकल द्या!" रुसवा निघाला म्हणून नवं पान मांडून त्यावर आधी गोड वाढलं, वांगं आपोआप गेलं, आणि मास्तर मुकाट जेवू लागले. त्यामुळे साऱ्या मोताळ्यात पक्कं झालं की मास्तर सायकलीसाठीच रुसले होते. मला उपरणं मिळालं. "एका घरात दोन सायकली शोभत नाईत," असं वर ऐकवलंही. उभा जन्म सौदे करण्यात गेला माझा, पण असा सौदा मी पाहिला नाही. भाव बोललो मी, आणि माल नेला त्यांनी! मास्तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पाव्हणे, सायकल तुमीच घ्या ना. मले चालवता बी येत नाई." मी घेतली नाही. दुसऱ्याच्या रुसव्यावर मिळालेली वस्तू मी घेत नसतो. ते पुढे चालवायला शिकले आणि दर बाजाराला माझ्या दुकानासमोरून घंटी वाजवत जाऊ लागले. ती घंटी मला अजून ऐकू येते.

तेव्हा त्यांचं दुखणं म्हणजे नाटक, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या उन्हाळ्यात मलकापूरजवळच सासऱ्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. मास्तरांनी आचाऱ्याला विचारून, पातेली पाहून, वरण-भात निर्धोक ठरवला आणि पंगतीला बसले. पण वाढप्याच्या हातातलं ओगराळं आधी दाण्याच्या चटणीच्या बादलीत फिरून आलेलं. एक घास घेतला आणि मास्तर ताडकन उठले. भरल्या पंगतीतून उठणं म्हणजे अन्नाचा आणि यजमानाचा अपमान. सगळी पंगत ओरडली, "रुसले! मास्तर पुन्हा रुसले!" कोणी म्हणालं, "आता मोटार पायजे वाटते!" सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. हसत हसतच दोन शब्द सुनवायला मांडवामागं गेलो. मास्तर बैलगाड्यांच्या आडोशाला जमिनीवर बसले होते. डोळे सुजून मिटले होते आणि श्वास फुटक्या भात्यासारखा वाजत होता. मी त्यांना उचलून गाडीत घातलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, धावत आली आणि तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बैलांना मी त्या दिवशी जितकं मारलं तितकं आयुष्यात मारलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली. बऱ्याच वेळानं एक डोळा किलकिला झाला, तो माझ्यावर येऊन थांबला, आणि मास्तर म्हणाले, "वरन चांगलं होतं."

मी भडकलो. "मेले असते ना तुमी!"

"म्हनून तं सांगून राह्यलो. वाईट वरनापायी मेलो असतो तं जिवाले लागलं असतं."

त्या दिवसापासून दुखणं खरं, हे मी मान्य केलं. सायकलीची गोष्ट वेगळी.

पुढे मी पंगतीत त्यांच्या डाव्या हाताला बसू लागलो, म्हणजे चटणी वाढणारा आला की माझा हात आधी आडवा जाई. त्यांच्या बसण्याच्याही रीती ठरलेल्या होत्या. बसायचं ते पंगतीच्या सुरुवातीला, जिथं ओगराळं अजून कोरं असतं. पत्रावळ घेतली की दोनदा झटकायची. पानाच्या ज्या कोपऱ्यात चटणी पडते तिथं द्रोण पालथा घालायचा. आणि मग मान खाली. शेवटचा घास होईपर्यंत मास्तर मान वर करत नसत. राखणदार पिकावरून नजर काढत नाही तसे ते पानावर नजर लावून बसत. शेजारचा काही विचारी, हे "हूं" म्हणत. पंगतीतल्या लोकांचा समज असा की मास्तर विद्वान आहेत आणि जेवताना मौन पाळतात.

आमच्याकडच्या आग्रहाला तर कान नसतात. "नको" म्हटलं की वाढपी दोन ओगराळी वाढतो आणि एखादी थोरली आजी येऊन थेट तोंडातच लाडू कोंबते. मास्तरांनी यावरही उपाय काढला होता. मांडवात शिरतानाच ते विड्याचं पान तोंडात धरून येत. तोंडात विडा असलेल्याला कोणी लाडू भरवत नाही. पाटावर बसेपर्यंत तो विडा ते गालात सांभाळत, आणि आजीबाई पुढे सरकल्याची खात्री झाली की मगच चूळ भरत.

पण त्यांची खरी करामत होती विचारण्यात. मलकापूरला स्टेशनाजवळ एक बाई खाणावळ चालवायची. मास्तर बाजाराला आले की आम्ही तिथं जेवत असू. पहिल्या दिवशी मी सरळ विचारलं, "बाई, भाजीत फल्ली आहे का?" बाई म्हणाली, "नाई." मास्तरांनी मला गुडघ्यानं ढोसलं आणि उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. "काय वास सुटला बाई आमटीले! असा वास माह्या मायच्या हाताले होता. काय घालता?"

बाई खुलली. "काय घालनार, मास्तर? खोबरं, तीळ, अन् मूठभर कूट."

"वा! अन् त्या कोरड्या भाजीत?"

"त्यात काईच नाई. करडीचं तेल अन् कांदा."

"मंग मले तीच वाढा, अन् भाकर. अन् पळी तेवढी धुऊन घ्या, माय."

बाहेर आल्यावर म्हणाले, "पाव्हणे, 'आहे का' म्हनून इचारलं का मानूस 'नाई' म्हनते. त्याले वाटते गिऱ्हाईक चाललं. त्याच्या हाताची तारीफ करा, तो सारं सांगून टाकते." हे मला पटलं. कापूस ओला आहे का, असं मीही मग कोणाला विचारलं नाही. "वजन बाकी जबर भरते तुमच्या कापसाचं," एवढं म्हणायचं. माल ओला करून आणलेल्या गड्याला हसू दाबता येत नसे.

एकादशी हा त्यांचा सगळ्यांत मोठा घातवार. सारं गाव त्या दिवशी साबुदाण्याची उसळ, भगर आणि दाण्याची आमटी खातं. म्हणजे फल्ली, फल्ली आणि फल्ली. धामणगावात एकादशीला उघडपणे ज्वारीची भाकर खाणारे मास्तर एकटेच. गावातल्या चार भाविकांनी घरी येऊन जाब विचारला, पोरांना काय वळण लागेल म्हणून. मास्तर शांतपणे म्हणाले, "देवाले उपासी मानूस पायजे, का मेलेला?" मंडळी उठून गेली, पण तेव्हापासून त्यांना नास्तिक म्हणू लागली. नास्तिक कसला! ते दर घासाला देवाचं नाव घेत, आणि मनापासून घेत.

आपल्या लहानपणी असं नव्हतं, असं ते म्हणत. तेव्हा आमच्या मुलखात तेल म्हणजे जवसाचं, करडीचं, नाहीतर तिळाचं. भुईमूग नंतर पसरला. आधी शेतात आला, मग घाण्यावर, मग प्रत्येक कढईत. पुढे डब्यातलं वनस्पती तूप निघालं आणि गोडाचाही भरवसा गेला. मास्तर म्हणायचे, "राज्य बदललं तं मानूस निभावून नेते. तेल बदललं तं कोठी जाव?" कोटाच्या खिशात ते तिळाच्या तेलाची लहान बाटली बाळगत. शाळा तपासायला आलेल्या साहेबानं एकदा ती दारूची समजून हुंगली आणि दिवसभर त्याच्या नाकाला तिळाचाच वास येत राहिला.

आणि हा भुईमूग पसरवण्यात माझा हात होता. कापसाची दलाली सोडून मी फल्लीचा व्यापार धरला होता. खाली गोदाम, वर घर. खळ्यातून पोती येऊन पडली की टरफलांची धूळ जिन्यावरून थेट देवघरात जाई. त्यामुळे माझ्या घरी मास्तर जेवणं दूरच, उंबरा चढू शकत नव्हते. ते रस्त्यापलीकडच्या निंबाखाली नाकाला उपरणं लावून उभे राहत आणि मी ओसरीवरून बोलत असे.

"बरे आहे का?" मास्तर ओरडून विचारत.

"बरे आहो! माही पोरगी काय करते तुमच्याकडं?"

"आभ्यास करून राह्यली!"

येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, साडूसाडूंचं भांडण चाललं आहे. माणूस मुलखातल्या उभ्या-आडव्या खाणावळीत जेवतो, आणि सख्ख्या साडूच्या घरचं पाणी पीत नाही! मी चिडायचो. कोणावर चिडावं ते न कळून हमालांवर चिडायचो. मुलीला मात्र शाळेसाठी मी त्यांच्याकडेच ठेवलं होतं. त्यांना मूल नव्हतं. अक्षरं तिला त्यांनी शिकवली, न्हाऊमाखू अक्कानं घातलं. तिचं लग्न ठरलं त्या दिवशी माझ्या बायकोनं मला समोर बसवलं. "पोर जेवढी आपली तेवढी त्यांची. अक्का अन् मास्तर माह्या पोरीच्या पंगतीत जेवले नाईत, तं मी हे लगन झालं म्हननार नाई. तुमी बाजारात लई बोलता. आता हे करून दाखवा."

मी केलं. मांडव घरासमोर न घालता स्टेशनापलीकडच्या मोकळ्या मैदानात घातला. व्याह्यांना ते विचित्र वाटलं. मी हवा चांगली आहे म्हणालो. करडीचं तेल स्वतः घाण्यावर उभं राहून काढून घेतलं. गोदामात वापरलेला एकही कपडा मांडवात येऊ दिला नाही. आचाऱ्याला बजावलं, "फल्लीचा दाना माह्या मांडवात दिसला तं तुले कढईत घालीन." तो म्हणाला, "हाव, शेटजी."

लग्न लागलं. पहिल्या पंगतीची पानं मांडली. मी चुलाणाकडे गेलो. मोठी कढई वांग्यांनी रटरटत होती आणि रस्सा नको तितका दाट दिसत होता. माझ्या डोक्यात रक्त चढलं, पण मी ओरडलो नाही. आचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वा रे वा! असं वांगं मी कुठं पाह्यलं नाई. काय घातलं?"

त्याची छाती फुगली. "शेटजी, तुमी एवढे फल्लीचे व्यापारी. तुमच्या पोरीच्या लग्नात बिनकुटाची भाजी? लोक थुकले असते. म्हनले असते, घरात पोत्यानं फल्ली अन् पोरीच्या लग्नात दाना दिला नाई. तुमची इज्जत जाऊ नोय, म्हनून मीच माह्या घरून कूट आनलं."

त्याला मी कढईत घालू शकलो नाही. माझ्याच अब्रूसाठी त्यानं ते केलं होतं. कढई चार गड्यांकडून उचलवून मैदानाच्या पार टोकाला, गाडीवानांकडे पाठवली. त्यांची चंगळ झाली. चुलाणाजवळचं प्रत्येक ओगराळं, प्रत्येक पळी राखेनं घासवली, काही मी स्वतः घासली. आचारी आणि वाढपी, सगळ्यांना नेसत्या धोतरानिशी विहिरीवर आंघोळीला बसवलं. मग वरण पुन्हा शिजायला टाकलं. पानांवर बसलेलं वऱ्हाड खोळंबलं. व्याही तणतणत आले.

"शेटजी, वऱ्हाड उपाशी आहे, अन् तुमचे वाढपी आंघोळी करून राह्यले? अन् ऐकतो ते खरं का, वांगं नाई म्हनून?"

"खरं."

"वऱ्हाडातलं लगन अन् वांगं नाई? मी पंगत उठवतो!"

पोरगी बोहल्याशेजारी उभी होती आणि सगळं ऐकत होती. मी व्याह्यांचा हात धरला. "काय पायजे ते मांगा. वांगं मांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि दुभती म्हैस मागितली. मी "दिली" म्हणालो. घासाघीस न करता मी केलेला तो पहिला आणि शेवटचा सौदा. ती म्हैस मला कोणत्या भावाला पडली ते मी इथे लिहीत नाही. आणि एवढं करून जिल्हाभर बोललं काय गेलं? की शेटजीनं पोरीच्या लग्नात वांग्यावर हात आखडला! आजही एखादा म्हातारा भेटतो आणि तोंडावर ऐकवतो. ऐकून घेतो.

पानं पुन्हा मांडली. मास्तर आले, गालात विडा धरून, आणि नेहमीप्रमाणे वळले चुलाणाकडे, आचाऱ्याची तारीफ करायला. मी वाटेत उभा राहिलो. कोपरापर्यंत हात राखेनं भरलेले, धोतर ओलं, घसा ओरडून बसलेला.

"मास्तर, बसा."

त्यांनी माझ्या राखेच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी विडा थुंकला, चूळ भरली आणि पंगतीच्या मधोमध, जिथं जागा रिकामी दिसली तिथं, जाऊन बसले. पत्रावळ झटकली नाही. काही विचारलं नाही. वाढपी आला तसा त्यांनी हात आडवा धरला नाही. मी तुपाची तपेली घेऊन त्यांच्यामागे उभा होतो. पहिला घास गेला. दुसरा गेला. आणि मास्तरांनी मान वर केली.

इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोरच्या ओळीतल्या म्हाताऱ्याला रामराम घातला. शेजारच्याला त्याच्या पोराचं शाळेत कसं काय चाललं ते सांगू लागले, मग त्या पोराची एक फजिती सांगितली, आणि ती अशी रंगवली की आसपासच्या पाच-सहा जणांचे हात हसण्यानं घासासकट थांबले. अक्का बायकांच्या पंगतीतून वाकून वाकून पाहत होती. शेजारचा म्हणाला, "मास्तर, इतकी वर्सं तुमच्या बाजूले जेवलो, तुमी इतकं बोलता हे मले ठावं नोतं!"

"जेवताना फुरसत कोठी असते, बापू?" मास्तर म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी आणखी वरण मागितलं. मी तूप वाढलं.

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. साध्या तापाचं निमित्त झालं. त्या लग्नानंतरही आम्ही कितीतरी मांडवांत सोबत जेवलो, पण ते मांडव दुसऱ्यांचे होते, आणि तिथं मास्तरांची मान पुन्हा खाली असे. वर तोंड करून जेवणारा तो माणूस मला तेवढा एकदाच दिसला. त्या दुपारी तो किती वेळ जेवत होता! पंगत उठली, दुसरी बसायला आली, पत्रावळी उचलणारे खोळंबले, आणि मास्तर आपले सावकाश भात कालवत गोष्ट सांगत बसले होते. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. मी दुसऱ्या पंगतीला हातानंच खूण केली, थोडं थांबा म्हणून.